पॉट काढून चुंबक बसवला: एएस५६०० आठ महिने वापरल्यावर

भोसरीतल्या आमच्या शेडमध्ये कॉइल वाइंडिंगची तीन मशिनं आहेत. प्रत्येकावर तारेचा ताण सांभाळणारी स्प्रिंगची दांडी असते. ती किती कलली हे कंट्रोलरला कळवायला इतकी वर्षं पॉट होता, म्हणजे पोटेन्शिओमीटर : आत पट्ट्यावर घासत फिरणारा संपर्क, त्याच्या जागेवरून कोन कळतो. दांडी दिवसभर त्याच तीस-चाळीस अंशांत हलते, त्यामुळे पॉटचा नेमका तेवढाच पट्टा घासतो आणि बाकीचा कोरा करकरीत राहतो. चार-पाच महिने झाले की वाइंडिंगवाल्या मावशींची हाक ठरलेली : "दादा, दांडी थरथरायला लागली बघा." मग ३८ गेजची तार तुटायला लागायची.

मार्चमध्ये दोन मशिनांवर पॉट काढून एएस५६०० लावला, म्हणजे चुंबकावरून कोन मोजणारी चिप. एक मॉड्यूल, म्हणजे चिप बसवलेला छोटा बोर्ड, २०० रुपयांच्या आत पडलं. दांडीच्या शाफ्टच्या टोकाला छोटा गोल चुंबक आणि त्याच्यासमोर अर्धा ते तीन मिलिमीटर अंतरावर चिप, एवढाच मामला. चिपमधले हॉल सेन्सर चुंबकाच्या क्षेत्राची दिशा ओळखतात. पूर्ण फेरीचे ४०९६ भाग, म्हणजे एक भाग साधारण ०.०८८ अंशाचा. कुठं काही टेकत नाही, त्यामुळे घासायलाही काही नाही.

आठ महिन्यांत चिपनं एकदाही त्रास दिला नाही. त्रास दिला तो चुंबकानं, आणि तोही बहुतेक माझ्याच हातानं.

पहिली चूक चुंबक निवडण्यात. मॉड्यूलसोबत आलेला एक चुंबक हरवला म्हणून बाजारातून तसाच दिसणारा आणला. दांडी हलवली तरी आकडा जागचा हलेना. बाजारात सहज मिळणाऱ्या गोल चुंबकात उत्तर ध्रुव एका सपाट तोंडाला आणि दक्षिण दुसऱ्या तोंडाला असतो. इथं लागतो तो व्यासावर चुंबकित केलेला, म्हणजे चकतीचा अर्धा भाग उत्तर, अर्धा दक्षिण. दिसायला दोन्ही सारखेच. ओळखायचं कसं? चकती टेबलावर सपाट ठेवा, शेजारी होकायंत्र ठेवा आणि चकती जागच्या जागी फिरवा. काटा सोबत फिरला तर बरोबर. ढिम्म राहिला तर दुकानदाराला परत.

दुसरी चूक चुंबक थेट लोखंडी शाफ्टवर चिकटवण्याची. क्षेत्र लोखंडातच ओढलं जातं. चिपमध्ये एजीसी नावाचा रजिस्टर असतो, म्हणजे वाचता येणारा एक आकडा. क्षेत्र कमी-जास्त असेल त्याप्रमाणे चिप स्वतःचा गेन (सिग्नल मोठा करण्याचं प्रमाण) किती वाढवते ते त्यात दिसतं. ५ व्होल्टवर तो ० ते २५५ जातो आणि मध्याच्या आसपास असलेला बरा. माझा २५५ ला टेकलेला, म्हणजे क्षेत्र फारच कमी. मग लेथवाल्याकडून चुंबक धरायला पितळी बुश (टोपी) करून घेतला, चुंबक शाफ्टपासून चार मिलिमीटर पुढं आला आणि आकडा १३० वर स्थिरावला. मॉड्यूल बसवताना हा आकडा समोर ठेवूनच अंतर जुळवा, फुटपट्टीच्या भानगडीत पडू नका.

तिसरी चूक महागात गेली. शून्य आणि शेवटचा कोन चिपमध्ये कायमचा बर्न करता येतो, म्हणजे वीज गेली तरी न पुसणारा लिहिता येतो, पण फक्त तीनदा. मी उत्साहात पहिल्याच आठवड्यात केला. दांडीचा ४५ अंशांचा पल्ला ० ते ५ व्होल्टमध्ये पसरला की आर्डुइनोच्या (कंट्रोलर बोर्डाच्या) १०२४ पायऱ्यांत अंशामागं २२ पायऱ्या मिळतात, नाहीतर जेमतेम तीन. हिशेब बरोबर होता. पण चुंबक झटपट चिकटणाऱ्या गोंदानं बसवलेला. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये गोंदानं दम तोडला, चुंबक बुशमध्ये दहा-बारा अंश फिरला आणि बर्न केलेलं शून्य वाया गेलं. दुसऱ्यांदा करताना पितळ कानशीनं खरवडलं, दोन भागांचा इपॉक्सी लावून रात्रभर ठेवला. आता त्या चिपवर एकच संधी उरली आहे.

तारांबद्दल थोडक्यात. आयटूसी, म्हणजे चिपशी आकड्यांत बोलायची दोन तारांची पद्धत, एका बोर्डावरच्या गप्पांसाठी आहे. दीड मीटर केबलवर मुख्य मोटरचा ड्राइव्ह चालू झाला की संवाद लटकायचा. सेटिंगपुरतं आयटूसी वापरलं, रोजच्या कामाला ओयूटी पिनचा ॲनालॉग सिग्नल शील्डच्या केबलमधून आणला. डीआयआर (दिशा ठरवणारी) पिन मोकळी सोडू नका, ग्राउंडला जोडा, नाहीतर आकडे मधेच उलट्या दिशेनं मोजले जातात. पावसाळ्यात दमटपणासाठी बोर्डावर वाइंडिंगचंच व्हार्निश मारलं, चाललं.

शेजारी ग्राइंडर असेल तर चुंबकाला लोखंडी कणांची दाढी फुटते. महिन्यातून एकदा चिकटपट्टी दाबून काढतो.

हौस म्हणून हीच चिप एका छोट्या बीएलडीसी (ब्रश नसलेल्या) मोटरवरही लावून पाहिली, १४ चुंबकांची, म्हणजे सात पोल-जोड्या. हळू फिरवताना लोण्यासारखी. पण ३००० आरपीएमला मोटर एका मिलिसेकंदात १८ अंश पुढं जाते, विद्युत कोनात त्याच्या सातपट, म्हणजे १२६, आणि या चिपचा फिल्टर मुळातच संथ. मोटर तापून करकरायला लागली. वेगाच्या कामाला एएस५०४७पी घ्या. एसपीआयवर (आयटूसीपेक्षा वेगवान जोडणी) १४ बिट आणि वेगामुळं पडणारी चूक ती स्वतः भरून काढते.

एका मित्रानं विचारलं, ई-सायकलच्या थ्रॉटलला लावू का? मी नको म्हणालो. गाडीच्या ॲक्सिलरेटर पेडलमध्ये दोन स्वतंत्र सेन्सर असतात, दोघांचं जुळलं नाही की गाडी वेग देत नाही. इथं एकच चिप. गोंद सुटला तर माझ्या मशिनवर फार तर तार तुटेल, सायकल मात्र सुसाट सुटेल.

तिसऱ्या मशिनवर अजून पॉटच आहे. मावशी रोज विचारतात. बुश गेल्या शुक्रवारपासून लेथवाल्याकडे पडून आहे.