‘मेक’ आणि ‘डू’ची शिकवणी: राजारामपुरीतील एक इंग्रजी वर्ग

कोल्हापुरात राजारामपुरीतील एका इंग्रजी संभाषण वर्गाला मी दीड महिना, रोज संध्याकाळी सात ते साडेआठ, जात होतो. येथे लिहितो ते केवळ ‘मेक’ आणि ‘डू’ या दोन शब्दांच्या शिकवणीविषयी, कारण वर्गाची पारख मला तेथेच झाली.

मराठी माणसाची अडचण अशी, की आपण चहाही करतो, गृहपाठही करतो, चूकही करतो आणि फोनही करतो. (हिंदीच्या वळणाने हल्ली चहा ‘बनवतात’, माझ्या कानाला ते अजून खटकते.) सरांनी पहिल्याच दिवशी नियम सांगितला: काही नवे तयार होत असेल तर ‘मेक’, नुसते काम उरकायचे असेल तर ‘डू’. त्यानुसार तांबड्या रश्श्याला ‘मेक’ आणि जेवणानंतरच्या भांड्यांना ‘डू’ लागते, इथपर्यंत ठीक होते. पण महाद्वार रोडवर चपलांचे दुकान असलेल्या एका सहाध्यायाने विचारले, की धंद्याला ‘डू बिझनेस’ आणि त्यातल्या कमाईला ‘मेक मनी’ कसे, आणि पलंगावरची चादर झटकून नीट लावली तर नवे काय झाले, मग ‘मेक द बेड’ का? त्यावर ‘अपवाद आहेत, पाठ करा’ एवढेच उत्तर मिळाले. गंमत म्हणजे त्या ‘पाठ करा’मधल्या ‘करा’ला दोहोंपैकी एकही शब्द चालत नाही. वचन, सूचना, तक्रार, फोन अशा बोलण्यातून घडणाऱ्या गोष्टींना बहुधा ‘मेक’ लागते, एवढे जरी सांगितले असते तरी बरेच पाठांतर वाचले असते.

‘मेक’चा दुसरा अर्थ मात्र त्यांनी फार चांगला उलगडला. ‘शी मेड मी लाफ’ म्हणजे ‘तिने मला हसवले’; मराठीत जे एका ‘व’ने भागते, त्यासाठी इंग्रजीला वेगळे क्रियापद लागते आणि त्यापुढे ‘टू’ येत नाही, पण वाक्य कर्मणी केले की ‘आय वॉज मेड टू वेट’ असा तोच ‘टू’ परत येतो. प्रश्नात आणि नकारात येणारा सहायक ‘डू’ दहा मिनिटांत गुंडाळला गेला.

‘मेक डू’ म्हणजे आहे त्यात भागवणे, हे झेरॉक्स कमी पडून तिघांत एक कागद आला त्या दिवशी कळले. फी पूर्ण आगाऊ घेतात. व्याकरणाचा थोडा पाया असेल तरच नाव घालावे.