तळहाताच्या घामासाठी घेतलेलं मशीन: आठ महिन्यांनंतर

माझ्या सुया गंजायच्या. शिवणकाम करणाऱ्या बाईला हे सांगायची लाज वाटते, पण खरं ते खरं. पिनकुशनला खोचलेली सुई चार दिवसांत काळी पडायची आणि कापडातून कुरकुरत जायची. रेशमावर तर बोटांचे डाग उमटायचे. म्हणून हातशिलाई करताना मांडीवर जुना पंचा असायचा. दहा टाके घातले की हात पुसायचा, पुन्हा दहा टाके. अमळनेरला घरीच ब्लाऊज शिवते मी, अठरा वर्षं झाली.

खान्देशात घामाचं नाव काढलं की समोरचा म्हणतो, "ऊन काय कमी आहे का?" मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ ला टेकतो, तेव्हा घाम कुणाला येत नाही? पण माझे हात जानेवारीतसुद्धा गळायचे. अंगात स्वेटर, पुढे शेकोटी आणि तळवे ओलेचिंब. सासूबाई हात धरून म्हणायच्या, "कितला वला से वं तुना हात!" मग तुरटीचं पाणी, मुलतानी माती, झालंच तर कुणीतरी सांगितलेला बटाट्याचा रस. तुरटीने तासभर बरं वाटायचं.

दिवाळी झाल्यावर जळगावला त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी हात बघायच्या आधी प्रश्नच विचारले. झोपेत घाम येतो का? नाही. दोन्ही हातांना सारखाच? हो. कधीपासून? सातवीत उत्तरपत्रिका भिजून फाटायची तेव्हापासून. घरात आणखी कुणाला? वडिलांना. मग थायरॉइड आणि साखर तपासली, दोन्ही ठीक निघाली. याला प्राथमिक हायपरहायड्रोसिस म्हणतात. घामाच्या ग्रंथी चांगल्याच असतात, त्यांना हुकूम सोडणाऱ्या नसाच जास्त उतावीळ. आणि तळहाताचा घाम उन्हापेक्षा मनावर जास्त चालतो. गिऱ्हाईक समोर उभं राहून "ताई, झाला का?" म्हणालं की माझ्या हाताला धार का लागते, ते तेव्हा कळलं. मात्र रात्री अंथरूण भिजत असेल, वजन उतरत असेल किंवा मोठेपणी एकाएकी सुरू झालं असेल, तर ते प्रकरण वेगळं. त्यामागे टीबी, थायरॉइड, मधुमेह, एखादं चालू असलेलं औषध असू शकतं. तिथे मशीनच्या मागे लागू नका.

आधी २० टक्के अॅल्युमिनियम क्लोराइडचं लोशन मिळालं. रात्री कोरड्या हाताला लावायचं, सकाळी धुवायचं. माझे हात मुळात कोरडे असतात कधी? ओल्यावर लावलं की आग आग व्हायची. महिनाभरात कातडी तडकली, घाम तसाच. हेच लोशन माझ्या नणंदेला काखेत छान लागू पडलं, म्हणून त्याला नावं ठेवत नाही.

मग आयन्टोफोरेसिसचं मशीन. दोन उथळ ट्रे, त्यात धातूच्या पट्ट्या, वर स्पंज आणि साधं पाणी. दोन ट्रेमध्ये दोन तळवे ठेवायचे, पाण्यातून हलका करंट जातो. ही पद्धत १९५० च्या दशकापासून वापरात आहे. पहिल्यांदा डॉक्टरांनी स्वतःसमोर करवून घेतलं, मगच घरी. मला १५ मिलीअँपिअर ठरवून दिलंय. वीस मिनिटं, त्यात दहा मिनिटांनी करंटची दिशा उलटवायची. किंमत माझ्या दोन महिन्यांच्या शिलाईएवढी. ज्यांना पेसमेकर आहे, हातात रॉड आहे किंवा दिवस गेलेत, त्यांनी हे करायचं नाही.

मुंग्या येतात, दुखत नाही. पण शिवणाऱ्या बाईची बोटं सुईने टोचलेली, त्या प्रत्येक भोकात लाल मुंगी चावल्यासारखं होतं. आता आधी व्हॅसलीनचा ठिपका लावते. एकदा फोन वाजला, मी सवयीने हात झटकन उचलला आणि कोपरापर्यंत असा दणका बसला की फोन राहिला बाजूला. हात काढायचा तर आधी करंट शून्यावर आणायचा. अंगठी, पाटल्या काढाव्या लागतात. सासूबाईंना सुनेचे रिकामे हात चालेनात, म्हणून काचेच्या बांगड्या ठेवल्या. काचेला काय होणार!

एक वेडेपणा सांगते. आपलं बोअरचं पाणी जड, भांड्यावर पांढरे थर चढतात. म्हटलं, हाताला चांगलं पाणी घेऊ, म्हणून आरओ फिल्टरचं ओतलं. बटण पूर्ण फिरवलं तरी आकडा वर चढेना. दोन वेळा वाया गेल्यावर डॉक्टरांना फोन केला, तर ते हसले. पाण्यातले क्षारच करंट वाहून नेतात, फिल्टर नेमके तेच काढून टाकतो. इतकी वर्षं शिव्या दिलेलं बोअरचं पाणी शेवटी कामाला आलं.

आठवड्यातून तीनदा करायचं होतं. पहिले दोन आठवडे काहीच नाही, मी परत करायच्या गोष्टी बोलत होते. नवव्या वेळेनंतर एका सकाळी खडूने मार्किंग केलं आणि खडू बोटाला चिकटला नाही. चौथ्या आठवड्यात पंचा मांडीवरून उतरला. त्यानंतर आठवड्यातून एकदा पुरतं. पण ही बरं करणारी गोष्ट नव्हे. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी माहेरवाशिणींच्या ब्लाऊजांची इतकी गर्दी झाली की तीन आठवडे मशीन काढलंच नाही. ऐन पैठणीच्या ब्लाऊजवर बोट उमटलं. काठाजवळ होतं म्हणून निभावलं.

तक्रारी आहेत. स्पंज चार महिन्यांत फाटले आणि नवे यायला विक्रेत्याने दीड महिना लावला. कातडी कोरडी पडते, रात्री खोबरेल लावावं लागतं. वीस मिनिटं दोन्ही हात अडकलेले, घरात नेमकं तेव्हाच सगळ्यांना सगळं हवं असतं.

गोळ्यांचंही विचारलं होतं. ग्लायकोपायरोलेटने तोंड कोरडं पडतं आणि सगळ्या अंगाचा घाम घटतो, आमच्याकडच्या मेमध्ये ते मला परवडणारं नाही. बोटॉक्सच्या इंजेक्शनचा असर काही महिन्यांनी उतरतो, मग पुन्हा तळहातात सुया. ऑपरेशनने हात कोरडे होतात, पण पाठ-पोट जास्त घामेजण्याची भीती राहते. त्यापेक्षा माझे ट्रे बरे.

तळपाय अजून ओलेच आहेत. त्यासाठी मोठे ट्रे मिळतात, दिवाळीच्या सीझननंतर बघू. मार्चमध्ये घेतलेलं सुयांचं पाकीट मात्र अजून चालू आहे.