एकच सोर्स, वेगवेगळ्या बिल्ड डिरेक्टरी : काही महिन्यांच्या वापरानंतर

नांदेडमधील आमच्या लहानशा प्रयोगशाळेत इंटेलचे जुने डेस्कटॉप आणि रास्पबेरी पाय (तळहाताएवढे छोटे संगणक) असे दोन्ही प्रकार असल्याने आम्ही लिनक्स कर्नेल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) स्वतः कंपाइल करून, म्हणजे सोर्स कोडपासून तयार करून, त्याची डेबियन पॅकेजे (डेबियन लिनक्सवर इन्स्टॉल करायच्या फाइली) बनवतो. सोर्स एकच ठेवून ‘मेक’ला (कंपाइल करवून घेणारी आज्ञा) ‘ओ=’ या पर्यायाने प्रत्येक प्रकारासाठी वेगळी बिल्ड डिरेक्टरी, म्हणजे तयार होणाऱ्या फाइलींचे फोल्डर, द्यायची, ही पद्धत गेले काही महिने सुरू आहे.

वेळ वाचतो हे खरेच. एका प्रकाराकडून दुसऱ्याकडे वळताना सर्व काही पुसावे लागत नाही. पण माझ्या मते खरा लाभ वेगळाच आहे. ‘.कॉन्फिग’ (कर्नेलसाठी निवडलेल्या पर्यायांची फाइल), मॉड्यूलवर (कर्नेलला जोडता येणारे सुटे भाग, उदा. ड्रायव्हर) सही करणारी आपोआप तयार झालेली डिजिटल की आणि बिल्डचा क्रमांक राखणारी ‘.व्हर्जन’ फाइल, या तिन्ही गोष्टी बिल्ड डिरेक्टरीतच राहतात. ‘एमआरप्रॉपर’ (‘मेक’चा सर्व काही साफ करणारा पर्याय) चालवला की तिन्ही नष्ट होतात. मग क्रमांक पुन्हा १ पासून सुरू होतो आणि त्याच आवृत्तीचे नवे पॅकेज ‘डीपीकेजी’ला (डेबियनमध्ये पॅकेजे बसवणारा प्रोग्राम) जुने वाटते. शिवाय नंतर एखादा वायफाय ड्रायव्हर बनवला, तर चालू कर्नेलला मान्य असलेल्या कीने त्यावर सही करता येत नाही. वेगळ्या डिरेक्टरींमुळे हा सगळा घोळ टळतो.

एक गोष्ट मात्र खटकते. ‘मेक’चा डेबियन पॅकेजे बनवणारा पर्याय ‘बाइनडेब-पीकेजी’ तयार पॅकेजे बिल्ड डिरेक्टरीच्या वरच्या फोल्डरमध्ये टाकते, त्यामुळे सर्व बिल्ड शेजारीशेजारी ठेवल्यास सगळ्यांची पॅकेजे एकत्र होतात. म्हणून प्रत्येक बिल्डला स्वतःचे वेगळे वरचे फोल्डर द्यावे. सोर्समध्ये कोणी ‘ओ=’शिवाय नुसते ‘मेक’ चालवले, तर पुढचे बिल्ड अडते आणि आधी सोर्स साफ करायला सांगते. विद्यार्थी अनेक असल्याने मी सोर्सवरील लेखनाची परवानगीच काढून घेतली आहे.

डिस्कची जागा भरपूर लागते. डीबग माहिती (चुका शोधण्यासाठी फाइलींत साठवलेली जादा माहिती) बंद केल्यावर ती बरीच कमी होते. कर्नेलच्या आवृत्त्याच निराळ्या हव्या असतील, तर ‘गिट वर्कट्री’ला (एकाच गिट भांडारातून प्रत्येक आवृत्तीचा सोर्स वेगळ्या फोल्डरमध्ये उघडण्याची सोय) पर्याय नाही.

उन्हाळ्यात आमच्याकडे वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो. वीज आल्यावर त्याच डिरेक्टरीत ‘मेक’ पुन्हा दिले की काम थांबले तिथून पुढे सरकते. फक्त त्याआधी शून्य आकाराच्या ‘.ओ’ फाइली (कंपाइल झालेले तुकडे) शोधून पुसाव्यात, नाहीतर ‘मेक’ त्यांना पूर्ण झालेल्या समजते आणि लिंक करताना, म्हणजे हे तुकडे एकत्र जोडताना, चूक येते.