बॉश जीईएक्स 125-1 एई : सुतारकामाच्या सँडरने गाडी पॉलिश करता येते का?

येते, पण बारीक कामापुरती. खोल चरे काढायचे रबिंग लाकूड घासणाऱ्या या मशीनकडून होणार नाही, आणि कितीही फेरफार केले तरी तो फरक भरून निघत नाही. प्रश्न ताकदीचा नाही, चाकोरीचा आहे, म्हणजे प्लेट ज्या छोट्या वर्तुळात हलते त्याचा.

आधी खोक्यावरचे आकडे नीट वाचू. मोटर 250 वॅट, वजन 1.3 किलो, प्लेट 125 मिमी. वेग मिनिटाला 7,500 ते 12,000 फेऱ्या. सोबत 15,000 ते 24,000 असा जो आकडा दिसतो तो कंपनांचा, फेऱ्यांच्या दुप्पट. त्याने भुलून जाऊ नये. पॉलिशवाल्याने पाहायचा आकडा एकच : ऑर्बिटचा, म्हणजे त्या चाकोरीचा व्यास, 2.5 मिमी. गाडीसाठी बनवलेल्या डीए (ड्युअल अ‍ॅक्शन, म्हणजे चाकोरीत हलता हलता स्वतःभोवतीही फिरणाऱ्या) पॉलिशरमध्ये तो 8, 15 किंवा 21 मिमी असतो.

हिशेब सोपा आहे. 2.5 मिमीच्या वर्तुळात पॅडचा प्रत्येक बिंदू एका फेरीत जेमतेम 8 मिमी सरकतो, 8 मिमीच्या वर्तुळात 25 मिमी. म्हणजे सँडर 7,500 वर चालवला तर घासण्याचा वेग सेकंदाला सुमारे 1 मीटर. 8 मिमीचा पॉलिशर 4,800 वर सुमारे 2 मीटर, आणि 15 मिमीचा 4,200 वर 3.3 मीटर. सँडरचा वेगाचा डायल शेवटपर्यंत नेला तरी दीड मीटरच्या आसपासच अडकतो. त्यात जाड फोम लावला की ती अडीच मिलिमीटरची हालचाल फोमच्या आतच जिरते. वरची बाजू थरथरते, रंगाला टेकलेली बाजू जवळपास जागेवरच राहते. मशीन चालते, आवाज होतो, चरे तसेच.

म्हणून पहिला बदल पॅडचा. 40-50 मिमी जाडीचा फोम टाळा, 20-25 मिमीचा पातळ पॅड घ्या. व्यास प्लेटपेक्षा मोठा हवा : 125 च्या प्लेटला 140 ते 150 मिमी. बरोबरीचा पॅड जरा सरकला की प्लेटची कडक कड बॉनेटला लागते आणि तो डाग पॉलिशने जात नाही. पॅड हलकाही हवा. मशीनमधले समतोलाचे वजन मूळ प्लेट आणि कागद एवढ्याच भारासाठी बसवलेले असते. जड पॅड लावला की हाताला मुंग्या येतात आणि बेअरिंगही लवकर जाते.

दुसरा बदल, आणि यात कंजुषी अजिबात नको : पॉलिशसाठी वेगळी प्लेट. ज्या प्लेटवर 80 नंबरचा कागद चालला तिच्या वेल्क्रोत आणि भोकांत घासकागदाचे कण अडकलेलेच असतात. त्यातला एक कण पॅडखाली आला की एका पॅनेलचे काम तीन पॅनेलचे होते. सुटी प्लेट ठाण्यात वागळे इस्टेट किंवा नवी मुंबईत तुर्भे एमआयडीसीच्या बाजूच्या पॉवर टूल्सच्या दुकानांत मागून पाहा. वळणदार पत्र्यासाठी सॉफ्ट प्लेट घ्या. डस्ट बॉक्स काढून मशीनमधला लाकडाचा भुसा कॉम्प्रेसरच्या हवेने उडवून टाका. पंक्चरवाल्याची हवाही चालते, फक्त गाडीपासून लांब.

प्लेटच्या वरची रबरी ब्रेक रिंग काढली की पॅड मोकळा फिरतो, असे सांगणारे बरेच भेटतात. फिरतो खरा. पण मशीन उचलले की सुसाट सुटतो, कंपाउंड (पॉलिशची घासणारी पेस्ट) काचेपासून भिंतीपर्यंत उडते, आणि उघड्या फटीतून ओली भुकटी बेअरिंगपर्यंत जाते. रिंग राहू द्या. मशीन पॅनेलवर टेकवून मगच सुरू करा, बंद करूनच उचला.

एकाच वेगाचा सँडर असेल तर पंख्याचा रेग्युलेटर जोडायचा विचार सोडा. तो पंख्याच्या भारापुरता बनवलेला असतो. पॉवर टूलचा योग्य क्षमतेचा कंट्रोलर लावला तरी वेगाबरोबर मोटरचा जोर उतरतो, थंड करणारा पंखाही मंदावतो आणि मोटर तापते. या मॉडेलला डायल आहे, हीच त्याची जमेची मोठी बाजू.

कंपाउंड निवडताना एक गोष्ट धरून चला. काही कंपाउंडचे कण घासता घासता फुटून बारीक व्हायचे असतात. सँडरच्या छोट्या चाकोरीत ते पुरते फुटत नाहीत आणि काळ्या गाडीवर धुरकट पट्टा राहतो. ज्याचे कण पहिल्यापासून बारीक आणि तसेच टिकणारे आहेत, उदाहरणार्थ मेग्वायर्सचे एम205, ते या मशीनला जास्त मानवते.

काम करण्याआधी धुणे आणि क्ले बार (रंगाला चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ वडी) टाळता येत नाही. ठाण्याच्या घोडबंदर रोडच्या बांधकामाची धूळ आणि टँकर-बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग, दोन्ही पॅडखाली गेले तर पॉलिशच चरे पाडते. प्लास्टिकच्या पट्ट्या आणि पॅनेलच्या कडांना मास्किंग टेप लावा. कडेवर क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) सर्वांत पातळ असतो. सपाट भागावरही तो साधारण 40-50 मायक्रॉनच असतो.

पहिल्यांदा पॅडवर कंपाउंडचे पाच-सहा थेंब, नंतर वाटाण्याएवढे तीन. एका वेळी 40 बाय 40 सेंमीचा चौकोन. मशीन बंद ठेवून पॅड टेकवत कंपाउंड पसरा, मग डायल 1 वर एक फेरी, 3 वर चार ते सहा फेऱ्या, प्रत्येक पट्टा आधीच्या अर्ध्यावर. हात सेकंदाला दोन-तीन सेंमीपेक्षा जलद नको. प्लेटच्या कडेला मार्करने रेघ मारून ठेवा. रेघ हळूहळू फिरताना दिसली तर दाब बरोबर. थांबली तर दाब जास्त. मशीनच्या वजनावर हलका तळहात पुरतो. पत्र्यावर हात ठेववत नसेल तर थांबा. बंपरवर तर आणखी जपून, प्लास्टिक उष्णता पसरवत नाही. एप्रिल-मे महिन्यांत उघड्यावरची गाडी हातच लावू नये अशी तापते. स्टिल्ट पार्किंगमध्ये सकाळी काम करा. धुतलेल्या ओल्या फरशीवर एक्स्टेंशन ओढणार असाल तर 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवरची (करंट गळताच वीज तोडणाऱ्या स्विचवरची) लाइनच घ्या.

एवढे करून हलके पाण्याचे डाग, धुरकटपणा आणि वरवरचे चरे जातात, वॅक्स किंवा सीलंट छान एकसारखा बसतो. नखाला लागणारा चरा जात नाही. पूर्ण गाडीचे चरे काढायचे असतील आणि मशीन अजून घ्यायचे असेल, तर सरळ 8 किंवा 15 मिमीचा डीए घ्या. सुतारकामासाठी सँडर घरात असेलच, तर पैसे पॅड आणि प्लेटवर घाला.

हेडलाइटच्या पिवळ्या काचेवर मात्र हा सँडर पॉलिशरला मागे टाकतो, कारण ते मुळात घासण्याचेच काम आहे. प्लेट आणि कागदाच्या मध्ये 10 मिमीचा मऊ इंटरफेस पॅड घाला आणि 800, 1000, 1500, 2000 नंबरचे कागद, शेवटी फोमचा 3000, असे एकही टप्पा न गाळता जा. पिवळा थर 800 वरच पूर्ण निघाला पाहिजे. राहिला तर पुढच्या नंबरला जाऊ नका. पाणी स्प्रेने फवाऱ्यापुरते, हे मशीन पाण्यातले नाही. डायल 2 च्या वर नको, पॉलिकार्बोनेट तापून दुधाळ होते. नंतर पॉलिश, अल्कोहोलने पुसणे, आणि त्याच दिवशी यूव्ही क्लिअर कोट. घासताना कंपनीचा मूळ संरक्षक थर निघालेला असतो. नवा लावला नाही तर काही महिन्यांत काच पुन्हा पिवळी.