हरणे पळवण्यासाठी विकलेली, हरणे बोलावणारी बाटली

मागच्या रब्बीत माझी आणि माझ्या शब्दावर विसंबलेल्या दोन शेजाऱ्यांची जी फसवणूक झाली, ती मी येथे तपशीलवार लिहीत आहे, कारण हरभरा फुटव्यावर आला की असे विक्रेते अशाच बाटल्या घेऊन पुन्हा गावोगावी फिरतील.

माझी जमीन बीड जिल्ह्यात पाटोदा तालुक्यात, बालाघाटच्या माळाला लागून आहे. दिवसा माळावर चरणारे काळविटांचे कळप रात्री पिकात उतरतात आणि त्यांच्या मागोमाग रोहीही येतात. हरभऱ्याचे शेंडे एकदा खुडले तर फुटवे वाढतात, म्हणून आपण स्वतःही खुडणी करतो. पण कळप त्याच सरीवर रोज रात्री आला की झाडाचा बुडखाच उरतो आणि घाटे धरायला काही राहत नाही. अडीच एकरांसाठी एकट्याने रोज जागल करणे मला वयामुळे झेपत नव्हते. अशा वेळी आठवडी बाजारात एका तरुणाने मला थांबवले. त्याच्याजवळ परदेशी छापाच्या लहान बाटल्या होत्या. "काका, यात वाघाच्या मूत्राचा अर्क आहे. कापसाचा बोळा भिजवून बांधावर टांगा, एक हरीण शिवारात पाय ठेवणार नाही," असे त्याने सांगितले. एका बाटलीचे 1,450 रुपये होते. मी चार घेतल्या आणि पैसे फोनवरून त्याच्या खासगी क्रमांकावर पाठवले. बिल मागितले तेव्हा हे कीटकनाशक नसल्यामुळे याला बिल लागत नाही, असे उत्तर मिळाले आणि मी ते मान्य केले. माझी पहिली चूक तीच होती.

पहिल्या दोन रात्री शेतात एकही जनावर आले नाही. याच दोन रात्रींनी आम्हाला फसवले, म्हणून त्यांच्याविषयी थोडे सविस्तर सांगतो. बांधावर नव्या काठ्या रोवल्या, पांढरे बोळे लोंबू लागले, माणसांची ये-जा वाढली, म्हणजे मोकळ्या माळावर मुख्यतः नजरेच्या आणि वेगाच्या भरवशावर जगणारे काळवीट काही दिवस बिचकतेच. साधे बुजगावणे उभे केले किंवा जुनी लुगडी बांधली तरी सुरुवातीला असेच होते आणि आठवडाभरात जनावर सरावते. हे मला लहानपणापासून ठाऊक होते, तरीही मी त्या शांततेचे श्रेय बाटलीला दिले आणि शेजारच्या दोघांना बाटली घेण्यास सांगितले. त्यांनी प्रत्येकी दोन बाटल्या घेतल्या.

पाचव्या रात्री कळप आला. सकाळी पाहतो तर खुरांचे ठसे थेट काठ्यांच्या बुडाशी होते. मी फोन केला, तेव्हा वास कमी पडला असेल, मात्रा वाढवा, असे सांगून त्याने आणखी दोन बाटल्या माझ्या गळ्यात मारल्या. त्यानंतरच्या आठवड्यात एक एकर पीक जवळजवळ संपले.

परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकणारी माझी पुतणी सुट्टीत घरी आली आणि तिने बाटलीवरचा इंग्रजी मजकूर वाचून दाखवला. त्यात वाघाचा उल्लेखच नव्हता. अमेरिकेत पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार करणारे लोक वापरतात ते हे आमिष होते. माजावर आलेल्या मादीच्या मूत्राचा वास घेत नर तिच्या मागावर निघतो. हा माजाचा काळ तिकडे साधारण नोव्हेंबरात असतो. शिकारी तो वास वाटेवर शिंपडतो आणि वाऱ्याच्या उलट बाजूला, म्हणजे स्वतःचा वास हरणाकडे जाणार नाही अशा ठिकाणी, दबा धरून बसतो. म्हणजे हरीण जवळ आणण्याची वस्तू आम्हाला हरीण दूर ठेवण्यासाठी विकली गेली. तिकडे हरणांमध्ये एक प्राणघातक मेंदूरोग पसरला असून त्याचे कारक घटक मूत्रातूनही बाहेर पडतात, म्हणून व्हर्जिनियासारख्या राज्याने 2015 पासून खऱ्या मूत्राची असली आमिषे शिकारीत वापरण्यास मनाई केली आहे.

बाटलीवरच्या चित्राने मला सावध करायला हवे होते. त्यातल्या हरणाच्या शिंगांना फांद्या होत्या. आपल्या काळविटाची शिंगे पिळदार असतात आणि ती जन्मभर टिकतात; फांद्यांची शिंगे दरवर्षी गळून नव्याने येतात. काळवीट गाय-शेळीच्या कुळातले आणि चित्रातले जनावर वेगळ्याच कुळातले. आपण बोलताना दोघांनाही हरीण म्हणतो आणि विक्रेत्याने नेमका त्या एका शब्दाचा फायदा घेतला.

मी जाब विचारला तेव्हा तो जे बोलला, ते मला पैशांच्या नुकसानीपेक्षा गंभीर वाटते. "मग काका, हरणं एका जागी येत असतील तर तुमचंच काम सोपं झालं, पुढचं तुम्ही बघून घ्या," असे तो म्हणाला. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील शिकारीच्या व्याख्येत मारण्याबरोबरच पकडणे, सापळा लावणे, आमिष दाखवणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे हेही येते. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे आणि त्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षांच्या कैदेची व दंडाची शिक्षा आहे. विकणारा दुसऱ्या बाजारात निघून गेला असता आणि आमिषाची बाटली माझ्या बांधावर सापडली असती.

त्याचा फोन आता बंद आहे. मी ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवली, पण बिल नसल्यामुळे माझ्याकडे पैसे पाठवल्याच्या नोंदीशिवाय पुरावा नाही. खरे कीटकनाशक असेल तर त्यावर नोंदणी क्रमांक असतो आणि परवानाधारक दुकानदार पक्के बिल देतो. फवारण्याचे किंवा टांगण्याचे काहीही घेताना ते बिल मागून घ्यावे आणि वेष्टनावरचा मजकूर पैसे देण्यापूर्वी कोणाकडून तरी वाचून घ्यावा. वन्यप्राण्यांनी पीक खाल्ले तर वनविभागाकडे भरपाईचा अर्ज करता येतो, मात्र तो तीन दिवसांच्या आत द्यावा लागतो. मी ते दिवस मात्रा वाढवण्यात घालवले.

उरलेली न उघडलेली बाटली मी तक्रारीसोबत तालुका कृषी कार्यालयात जमा केली. वाचलेला हरभरा विकून दोन्ही शेजाऱ्यांचे बाटल्यांचे पैसे परत केले. ते घेत नव्हते, पण त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवूनच खर्च केला होता. यंदा आम्ही तिघांनी मिळून एक मचाण बांधले आहे आणि पाळीपाळीने जागल करीत आहोत.