रीरोल की फास्ट एट? टीएफटीत संघ बांधायच्या दोन वाटा

टीमफाइट टॅक्टिक्स, म्हणजे टीएफटी, या संघ बांधून लढवायच्या व्हिडिओ गेमचे पंधरा-वीस सामने खेळून झाले की एक प्रश्न हमखास पडतो. स्वस्तातले चॅम्पियन (लढणारी पात्रं) घेऊन त्यांना तीन स्टार करत बसायचं, की पैसे साठवून लेव्हल आठ गाठायची आणि तिथे महागडे चॅम्पियन घ्यायचे? पहिल्या पद्धतीला सगळे रीरोल म्हणतात, दुसरीला फास्ट एट. माझा मावसभाऊ कट्टर रीरोलवाला, मी फास्ट एटवाली. त्याच्याशी भांडून भांडून मी एका मतावर आले आहे: या दोन पद्धतींत पैशांचा फरक आहेच, पण त्याहून मोठा फरक वेळेचा आहे. रीरोलवाला दुसऱ्या स्टेजलाच (मॅचमधल्या काही फेऱ्यांचा एक टप्पा म्हणजे स्टेज) शब्द देऊन मोकळा होतो. फास्ट एटवाली चौथ्या स्टेजपर्यंत कुणालाही शब्द देत नाही. यातलं तुम्हाला काय झेपतं, यावर निवड ठरते.

अगदी नव्यांसाठी चार ओळी. हा खेळ जून २०१९ मध्ये आला, मार्च २०२० पासून मोबाइलवर आहे. आठ खेळाडू, प्रत्येकाचं आरोग्य १००, शेवटपर्यंत टिकेल तो पहिला. रँकमध्ये पहिल्या चारांत आलात तरी गुण वाढतात. दर फेरीला दुकानात पाच चॅम्पियन दिसतात, दोन गोल्ड दिले की दुकान बदलतं, चार गोल्ड दिले की लेव्हल वाढवणारे चार एक्सपी मिळतात. तीन सारखे जमले की दोन स्टार, नऊ जमले की तीन स्टार. शिल्लक असलेल्या प्रत्येक दहा गोल्डवर एक गोल्ड व्याज, जास्तीत जास्त पाच. म्हणून ५० गोल्ड हा आकडा सगळ्यांच्या डोक्यात पक्का बसलेला असतो.

आणि एक गोष्ट नवे लोक विसरतात: चॅम्पियनची पिशवी आठही जणांत मिळून एकच. रमीत समोरच्यानं बदामची सत्ती उचलली की आपण बदामची अठ्ठी धरून बसण्यात अर्थ नसतो, तसंच हे. दुसऱ्यानं उचललेला चॅम्पियन तुमच्या दुकानात येण्याची शक्यता तेवढी कमी होते.

रीरोलचा हिशेब

लेव्हल ५ ला दुकानातल्या प्रत्येक जागेवर एक गोल्डचा चॅम्पियन येण्याची शक्यता ४५ टक्के असते. समजा सेटमध्ये (खेळात त्या वेळी चालू असलेल्या चॅम्पियनच्या संचात) एक गोल्डवाले १३ आहेत. मग तुम्हाला हवा असलेला नेमका एक चॅम्पियन एका जागेवर येण्याची शक्यता साडेतीन टक्क्यांच्या आसपास, पाच जागा मिळून सतरा टक्के. म्हणजे सहा वेळा दुकान पाहिलं की एकदा तो दिसणार.

५० गोल्ड राखून वरचे तेवढेच उडवायचे, याला स्लो रोल म्हणतात. पाच मूळ कमाई, पाच व्याज, असे फेरीला दहा गोल्ड हातात येतात. त्यात पाच वेळा दुकान बदलता येतं आणि एक दुकान फुकटचं. झाले सहा. म्हणजे फेरीला साधारण एक प्रत. तिसऱ्या स्टेजच्या सुरुवातीला हातात पाच प्रती असतील तर स्टेज संपेपर्यंत नऊ होतात. दोनच असतील तर चौथ्या स्टेजच्या मध्यापर्यंत तुम्ही दोन स्टारच्या पोरांना घेऊन मार खात बसणार.

आता हाच हिशेब लेव्हल ७ ला करून बघा. तिथे एक गोल्डवाल्यांची शक्यता १९ टक्क्यांच्या घरात येते, आणि तीच एक प्रत मिळवायला चौदा दुकानं लागतात. म्हणून रीरोलवाला मुद्दाम खालच्या लेव्हलला थांबतो. एक गोल्डच्या कॅरीसाठी (ज्याच्या जिवावर संघ लढतो तो चॅम्पियन) लेव्हल ५, दोन गोल्डच्या कॅरीसाठी ६, तीन गोल्डच्यासाठी ७. 'आता एक्सपी घेऊन टाकू का' हा मोह इथे सगळ्यात जास्त नुकसान करतो. आठ प्रती हातात असताना लेव्हल वाढवणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांत एकदा मीही होते.

नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेला रीमिक्स रंबल हा सेट रीरोलवाल्यांची दिवाळी होती. त्यात पंक नावाचा ट्रेट, म्हणजे चॅम्पियनचा गट, होता: जिंक्स, व्हाय, पँथिऑन, ट्विच. दुकान बदलायला गोल्ड खर्च केलं की पंक चॅम्पियनची ताकद वाढायची. इतर वेळी दुकान बदलणं म्हणजे निव्वळ खर्च, इथे खर्चाचंही बक्षीस. मावसभावाला तर कोणी कान धरून सांगायची गरजच नव्हती. पहिल्या दुकानात जिंक्स दिसली की तो म्हणायचा, "ताई, माझं ठरलं." आणि खरंच ठरलेलं असायचं. पुढची अर्धी मॅच तो एका हातानं चहा पीत खेळायचा.

हे सुख खरं आहे. चॅम्पियनच्या अंगावर घालायला कुठल्या वस्तू हव्यात ते आधीच ठाऊक, कॅरोसेलवर (वस्तू उचलायच्या फेरीत) कुठल्या वस्तूकडे धावायचं ते ठाऊक, बोर्ड कसा मांडायचा ते ठाऊक. पण रीरोल फसतं ते हळूहळू फसतं, आणि फसतंय हे उशिरा कळतं. आठवी प्रत येते, नववी येत नाही. पुढच्या फेरीत येईल म्हणून आणखी दहा गोल्ड जातात. मग व्याज मोडून ३० वर येता, मग १० वर. मागून कळतं की टेबलावर आणखी एक जण तीच जिंक्स जमवत होता आणि तिच्या चार प्रती त्याच्या बेंचवर (राखीव जागेत) बसून होत्या. तीन गोल्डच्या चॅम्पियनच्या बाबतीत हे आणखी जीवघेणं, कारण त्यांच्या प्रती साधारण अठराच्या आसपास असतात. दोघांनी नऊ-नऊ जमवायचं ठरवलं तर पिशवी जवळपास रिकामी करावी लागेल. म्हणून दर दोन फेऱ्यांनी इतरांचे बोर्ड आणि बेंच बघणं हे रीरोलवाल्याचं पहिलं काम. चहा नंतर.

फास्ट एटचा हिशेब

इथे पहिल्या तीन स्टेजमध्ये तुम्ही कुणाचेच नसता. जे दोन स्टार होईल ते बोर्डवर, बाकी बेंचवर किंवा विकून टाकायचं. व्याज साठवायचं, आरोग्य फार घसरू द्यायचं नाही आणि ४-२ (चौथ्या स्टेजची दुसरी फेरी) ते ४-५ च्या दरम्यान लेव्हल ८ गाठून साठवलेलं एका झटक्यात उडवायचं. हा रोलडाऊन.

आकडे पुन्हा मांडते, कारण इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. लेव्हल ८ ला चार गोल्डच्या चॅम्पियनची शक्यता पॅचप्रमाणे (खेळात वेळोवेळी होणाऱ्या बदलांप्रमाणे) कमी-जास्त होते, सोयीसाठी २० टक्के धरू. पाच जागा, म्हणजे दर दुकानात सरासरी एक चार गोल्डवाला दिसणार. हातात ४० गोल्ड असतील, त्यातले १२ खरेदीला राखले, तर २८ गोल्डमध्ये चौदा वेळा दुकान बदलेल. चौदा चार गोल्डवाले दिसतील. सेटमध्ये असे बारा चॅम्पियन असतील तर तुमचा लाडका त्यात साधारण एकदाच दिसेल. एकदाच! दोन स्टारला तीन लागतात.

म्हणून एकच नाव घेऊन लेव्हल आठला जाणं हा शुद्ध जुगार आहे. फास्ट एट चालतं ते तीन-चार नावं चालवून घेणाऱ्याचं. रीमिक्स रंबलमध्ये मी मंत्रशक्तीच्या वस्तू सेराफीनच्या किंवा ॲनीच्या अंगावर घालून चौथ्या स्टेजपर्यंत यायचे. दोघीही स्पेलवीव्हर या मंत्रवाल्या ट्रेटच्या, एक दोन गोल्डची, दुसरी एक गोल्डची. रोलडाऊनमध्ये चार गोल्डची आरी आली तर वस्तू काढून आरीला. ती नाही आली आणि दुसराच कुणी मंत्रवाला जोडीनं आला, तर त्याला. सेराफीनला विकलं की तिच्या वस्तू परत मिळतात, तिचं काम झालं. ऐकायला निर्दयी वाटतं खरं, पण या पद्धतीचा जीव यातच आहे.

वस्तूंबाबतचं माझं मत जरा टोकाचं आहे: फास्ट एट खेळायचं असेल तर पहिल्या दोन स्टेजमध्ये ज्या वस्तू अनेकांच्या अंगावर चालतात त्याच बनवा. अश्रू आणि तलवारीचा शोजिनचा भाला, रॉड आणि हातमोज्याचा ज्वेल्ड गाँटलेट, या मंत्रवाल्या बहुतेकांना चालतात. टँकसाठीच्या (पुढे उभं राहून मार झेलणाऱ्यांच्या) वस्तू तर कुणाच्याही अंगावर शोभतात, त्यामुळे चिलखत आणि पट्टा हातात आला की फार विचार करू नका. दोन अश्रूंचा ब्लू बफ मात्र ठरावीक चॅम्पियनलाच लाभतो. तो बनवलात की तुम्ही नकळत शब्द देऊन बसलात. उलट रीरोलवाल्यानं या बाबतीत चोखंदळच असावं. त्याचा कॅरी ठरलेला असतो, मग 'चालेल' अशी वस्तू त्यानं का घ्यावी?

फास्ट एट फसतं तेव्हा अर्ध्या मिनिटात फसतं. दुकानं भराभर बदलत असतात, बोर्डवर काय ठेवायचं हे त्याच वेळी ठरवायचं असतं, वस्तू हलवायच्या असतात, आणि घड्याळ संपतं. माझ्या सुरुवातीच्या कित्येक मॅचेसमध्ये चार गोल्डचा चॅम्पियन मी चक्क दुकानात तसाच सोडून पुढे गेले आहे, बोट आधी पडलं आणि डोळे नंतर. चौथ्या स्टेजला एक पराभव दहाच्या आसपास आरोग्य खातो. ४० वर असताना रोलडाऊन फसला की तीन-चार फेऱ्यांत सातवा नंबर.

टोकाला काय मिळतं?

रीरोलनं पहिले चार गाठणं सोपं, पहिला नंबर अवघड. तीन स्टारची जिंक्स चौथ्या स्टेजला टेबल झाडून काढते, पण सहाव्या स्टेजला समोर लेव्हल नऊवर पाच गोल्डचे दोन स्टार उभे राहिले की ती धापा टाकते. फास्ट एटवाल्याचे नंबर पाहिले तर एक, सात, दोन, आठ, एक असे दिसतील. मावसभावाचे तीन, चार, चार, पाच, तीन. महिनाअखेर दोघांची रँक जवळपास सारखीच. झोप मात्र त्याला जास्त चांगली लागते.

मग नव्यानं सुरू करताना काय निवडाल? सगळे म्हणतात रीरोल, कारण सोपं. मी त्याला अर्धंच होकार देईन. रीरोलनं व्याज सांभाळायची सवय लागते, ती फार मोलाची. पण सलग दोन महिने एकच संघ जमवत राहिलात तर दुसरे चॅम्पियन काय करतात हे कळतच नाही, आणि दोनेक आठवड्यांनी पॅच येऊन तुमच्या कॅरीचे पंख छाटून जातो. व्याज अंगवळणी पडेपर्यंत, म्हणजे वीसेक मॅच, रीरोल खेळा. मग रँकबाहेरच्या सामन्यांत फास्ट एट सुरू करा आणि तिथे मनसोक्त हरा.

मॅचमध्ये बसल्यावर मात्र आधी ठरवून येऊ नका. दुसरी स्टेज संपताना क्रग्ज नावाचे राक्षस मारून झाले की एकदा बेंचकडे बघा. एका स्वस्त कॅरीच्या पाच प्रती, त्याला लागणारी एखादी वस्तू, आणि टेबलावर तो दुसऱ्या कुणाकडे नाही, हे तिन्ही जुळलं तर लेव्हल ८ ची स्वप्नं सोडा. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागण्यात हशील नाही. तीनच प्रती असतील, तर मी तरी जात नाही. ऑगमेंटही (मॅचमध्ये निवडायला मिळणारी खास सवलत) बघा: दुकान फुकटात बदलून देणारं मिळालं तर रीरोलकडे, एक्सपी देणारं मिळालं तर वरच्या लेव्हलकडे. सलग जिंकत असाल तर आरोग्य शाबूत असतं, तेव्हा फास्ट एट परवडतं. आरोग्य ५५ आणि तिसरी स्टेज संपायची आहे, तर लेव्हल आठची वाट बघायला तुम्ही शिल्लकच राहणार नाही.

दोन्हींच्या मधला एक रस्ता आहे, लेव्हल ७ ला थांबून तीन गोल्डचा कॅरी तीन स्टार करायचा. कुणी तोच जमवत नसेल तर उत्तम, नाहीतर दोन्हीकडचे तोटे पदरात.

आणि एक मुद्दा कुणी सांगत नाही, नेटवर्कचा. मी पुण्याहून मुंबईला रेल्वेनं जाते तेव्हा फोनवर खेळते. लोणावळा सुटलं की घाटातले बोगदे सुरू होतात आणि रेंज येते-जाते. एकदा ४-२ ला, हातात ४६ गोल्ड, लेव्हल ८ नुकतीच घेतलेली, पहिल्याच दुकानात आरी, आणि बोगदा. रेंज आली तेव्हा माझा बोर्ड माझ्याविनाच लढून हरला होता, आरी गेलेली, गोल्ड तसंच. पुढच्या फेरीत रोलडाऊन केला तोवर पुढचा बोगदा. आठवी आले. मावसभावाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "ताई, घाटात जिंक्स घ्यायची. एक फेरी गेली तर पाच दुकानं जातात, बस."

पुढच्या वेळी घेतली. कर्जतला आठ प्रती होत्या, नववी बदलापूरला आली. मॅचमध्ये चौथी आले.