दर ३३ मिनिटांनी

अंतराळातल्या लोकांना झोप येत नाही. मालिकांमध्ये तरी नाहीच. जहाजाला भगदाड पडतं, निम्मी माणसं जातात, आणि पुढच्या दृश्यात कॅप्टन केस जागच्या जागी ठेवून नव्या ग्रहावर उतरायला तयार. 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'च्या पहिल्या सीझनचा पहिला भाग, '३३', मला म्हणूनच इतका आवडतो. यात सगळे दमलेत. नुसते दमलेत असं नाही, कामातून गेलेत.

भाग २००४ सालचा आहे, त्यामुळे शेवट बिनधास्त फोडणार आहे. ज्यांना पाहायचाय त्यांनी इथेच थांबावं, आणि आधी २००३ची मिनिसिरीज पाहावी, नाहीतर कोण कुणाचं कोण हे कळेपर्यंत भाग संपेल.

गोष्ट अशी. सायलॉन नावाच्या यंत्रमानवांनी माणसांच्या बाराही वसाहती बेचिराख केल्यात. उरलेली पन्नासेक हजार माणसं मिळेल त्या जहाजात बसून पळतायत, सोबतीला गॅलॅक्टिका ही एकच जुनाट युद्धनौका. ताफा जंप करतो, म्हणजे एका क्षणात अंतराळात दूरवर उडी मारतो, आणि ३३ मिनिटांनी सायलॉन तिथे हजर. पुन्हा जंप, पुन्हा ३३ मिनिटं. आपण गोष्टीत शिरतो तेव्हा असं २३७ वेळा होऊन गेलेलं असतं. मी गुणाकार करून पाहिला: ७,८२१ मिनिटं. पाच दिवस आणि वर दहा तास.

मी आयसीयूमध्ये नर्स आहे, रात्रपाळ्या बऱ्याच केल्यात, त्यामुळे हा भाग मी जरा खवचट नजरेने पाहते. पडद्यावरचा थकवा बहुतेक वेळा खोटा असतो: नट जांभई देतो, डोळे चोळतो, झालं. खरा थकवा असा दिसत नाही. खरं दमलेलं माणूस एकच ओळ तीनदा वाचतं. साध्या प्रश्नाचं उत्तर द्यायला त्याला क्षणभर जास्त लागतो, आणि मग ते नको तितक्या तडफेने देतं. चिडतं ते भलत्याच गोष्टीवर. दिग्दर्शक मायकेल रायमरने नेमकं हे पकडलंय. गॅलॅक्टिकावरचा अधिकारी गेटा ३३ मिनिटांचं घड्याळ पुन्हा सुरू करतो तेव्हाचा त्याचा चेहरा बघा. भीती कधीच संपली आहे, उरलंय ते फक्त पुढचं बटण.

आणि ३३ मिनिटं का? भागात कुणीही सांगत नाही, आणि तेच बरं. पण ज्याने हा आकडा निवडला त्याने छळाचा हिशेब चोख केलाय. अर्धा तास डोळा लागला की माणूस गाढ झोपेच्या उंबरठ्यावर पोचतं, आणि तिथून ओढून उठवलं तर झोपण्याआधीपेक्षा वाईट अवस्थेत उठतं. डोकं जड, हात जड, समोरचा काय बोलतोय ते पाण्याखालून ऐकल्यासारखं. त्यातून जंपची तयारी वजा केली तर तेवढीही झोप हाती लागत नाही.

वैमानिक स्टारबक आणि तिचा वरिष्ठ ली, म्हणजे गॅलॅक्टिकाच्या कमांडर अॅडामाचा मुलगा, यांचं भांडण हा माझा लाडका तुकडा. वैमानिकांना जागं राहायला गोळ्या घ्यायच्यात, स्टारबक घ्यायला तयार नाही. ली आधी समजुतीने, मित्रासारखं बोलायला जातो, तर ती उलट त्याच्यावरच उखडते: तू साहेब आहेस ना, मग साहेबासारखा हुकूम सोड! केटी सॅकहॉफ हे असं म्हणते की हसूही येतं आणि पोटात खड्डाही पडतो. दमलेल्या माणसाला प्रेमळ बोलणं झेपत नाही. हुकूम झेपतो, कारण त्यात विचार करावा लागत नाही.

आता ऑलिंपिक कॅरिअर. हे १,३४५ प्रवाशांचं जहाज एका जंपच्या वेळी मागे राहतं, आणि त्यानंतर पहिल्यांदाच ३३ मिनिटं उलटून जातात तरी सायलॉन येत नाहीत. मग ते जहाज परत उगवतं. सायलॉनच्या तावडीतून हे सुटलं कसं? थांब म्हटलं तर थांबत नाही. त्यावर अण्वस्त्र असल्याचा इशारा वाजतो. खिडक्यांत माणसं दिसत नाहीत. कमांडर अॅडामा आणि राष्ट्राध्यक्ष रोझलिन ठरवतात: पाडा. ली आणि स्टारबक ते पाडतात.

बहुतेक लोक इथे वाद घालतात तो आत माणसं होती की नव्हती यावर. मला टोचतं ते वेगळंच. आमच्याकडे जोखमीचं औषध द्यायचं असलं की दोघींनी स्वतंत्रपणे तपासायचं असतं, एकीवर विसंबायचं नाही. इथेही दोघं आहेत: एक सेनापती, एक निवडणूक न लढता राष्ट्राध्यक्षपदावर आलेली शिक्षणमंत्री. एकमेकांवर अंकुश म्हणून जोडी उत्तम. पण दोघंही सारखीच जागलेली! दुसऱ्या तपासणीला अर्थ असतो तो दुसरं डोकं ताजं असलं तरच. निर्णय चुकला असं मी म्हणत नाही, पुरावा जहाजाच्या विरोधातच होता. पण तो पुरावा नीट वाचण्याच्या स्थितीत ताफ्यातलं एकही माणूस नव्हतं, आणि लेखक रोनाल्ड डी. मूर हे कुणाच्याही तोंडी न घालता आपल्याला दिसू देतो. नंतर बाप अॅडामा म्हणतो, हुकूम माझा होता. मुलगा ली म्हणतो, चाप मी ओढला. विषय तिथेच संपतो. अॅडामा झालेल्या एडवर्ड जेम्स ओल्मोसच्या जागी दुसरा कुणी असता तर इथे पाठ थोपटून मोकळा झाला असता.

नावडलेलं सांगायचं तर बाल्टर, म्हणजे नकळत सायलॉनना मदत करून बसलेला शास्त्रज्ञ. जेम्स कॅलिस नट म्हणून भन्नाट आहे, त्यात वाद नाही. पण त्याचं फितूर उघडं पाडू शकणारा माणूस नेमका ऑलिंपिक कॅरिअरवरच असावा, आणि याने देवापुढे पश्चात्ताप केला रे केला की रोझलिनने ते पाडायचा हुकूम द्यावा, हे मला जमवून आणलेलं वाटतं. देवाची योजना की योगायोग हा प्रश्न मालिकेला पुढे हवाय, समजतं. पण इतक्या कोरड्या, घामट भागात मधूनच तो कल्पनेतला उन्हातला बंगला आणि लाल कपड्यातली सिक्स, ही फक्त बाल्टरला दिसणारी सायलॉन बाई, येते, आणि माझी तंद्री मोडते. बेचिराख वसाहतींपैकी एका, कॅप्रिकावर, मागे राहून पावसात पळणाऱ्या हेलो या अधिकाऱ्याचं तेच. ते प्रकरण पुढे महत्त्वाचं ठरतं, पण इथे ते नुसतं तोंडी लावणं.

उलट गॅलॅक्टिकावरची अधिकारी डुआला भिंतीपाशी जाते तो प्रसंग जेमतेम मिनिटाचा, तरी हललेच. हातात घरच्यांचा फोटो, आणि समोर कॉरिडॉरभर हरवलेल्यांचे फोटो डकवलेले. ती काही बोलत नाही. बेअर मॅकक्रिअरीचं संगीतही उगाच व्हायोलिन ओरडवत नाही. भागभर ढोलासारखे ठोके आणि घड्याळाची टिकटिक, बास.

रोझलिनच्या फळ्यावर जिवंत माणसांचा आकडा असतो. भागाच्या सुरुवातीला ५०,२९८. शेवटी एका जहाजावर बाळ जन्माला येतं आणि ती फळ्यावर एक वाढवून ४७,९७३ लिहिते. हा शेवट कुणाला गोड वाटेल. मला पहिल्यांदा जरा चिकटवलेलाही वाटला होता. पण मेरी मॅकडॉनेल हसते ते त्या बाळासाठी कमी, आकडा एकदाचा वर सरकला म्हणून जास्त. दिवसभर नुसती वजाबाकी करणाऱ्या बाईचं ते हसू आहे, आणि ते मला पटलं.

२००५ साली या भागाला ह्यूगो पुरस्कार मिळाला, तो योग्यच. माझ्याकडून पाचापैकी साडेचार. अर्धा गुण त्या बंगल्यापायी कापलाय.